आयसीटी, अँटिबॉडी स्क्रीन की नुसती क्रॉसमॅच?

बेळगाव-खानापूरकडे ताई कार्डावर (गरोदर बाईच्या सरकारी तपासणी कार्डावर) 'निगेटिव्ह' रक्तगट आला की पहिली चौकशी नवऱ्याच्या गटाची. तो पॉझिटिव्ह निघाला तर बाळही पॉझिटिव्ह असू शकतं, आणि आईच्या रक्तात त्याच्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं, म्हणजे अँटिबॉडी, तयार होऊ शकतात. त्या शोधायला डॉक्टर आयसीटी, म्हणजे इनडायरेक्ट कूम्ब्स, लिहून देतात.

आयसीटी स्वस्त. बऱ्याच लॅबमध्ये ती दोन-तीन दात्यांच्या ओ पॉझिटिव्ह पेशी एकत्र करून होते. अँटिबॉडी आहे की नाही एवढंच कळतं. अँटी-डी (पॉझिटिव्ह रक्ताविरुद्धची अँटिबॉडी) सापडते, बाकीच्या निसटू शकतात. अँटिबॉडी स्क्रीनमध्ये पेशी वेगवेगळ्या तपासतात, आणि कोणत्या पेशीवर कोणता अँटिजेन (अँटिबॉडी जिला चिकटते ती खूण) आहे याचा तक्ता सोबत असतो. अँटी-सी (इंग्रजी लहान c), अँटी-केल अशा इतर अँटिबॉडी त्यात सापडतात. केलमध्ये तर टायटर (रक्तातलं अँटिबॉडीचं प्रमाण) कमी असूनही बाळाला ॲनिमिया होतो, आणि आई पॉझिटिव्ह गटाची असली तरी हे घडू शकतं.

माझं मत सांगते. पहिलंच गरोदरपण, कधी रक्त चढलेलं नाही, तर आयसीटी पुरे. आधी रक्ताची बाटली चढली असेल, मूल पोटातच दगावलं असेल किंवा आधीच्या बाळाला जबर कावीळ झाली असेल, तर गट कोणताही असो, स्क्रीनच करा.

क्रॉसमॅचचं, म्हणजे चढवायचं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहण्याचं, काम वेगळं: ती फक्त समोरच्या पिशवीपुरतं बोलते. कूम्ब्स फेजपर्यंत (आयसीटीसारख्या शेवटच्या टप्प्यापर्यंत) केली का, हे रक्तपेढीत विचाराच. गेल्या तीन महिन्यांत गरोदरपण किंवा रक्त चढणं झालं असेल तर सॅम्पल तीन दिवसांपुरतंच चालतं. १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेला बॉम्बे गट हा दुर्मिळ रक्तगट घाईच्या तपासणीत 'ओ' वाटतो. स्क्रीनमध्ये मात्र सगळ्याच ओ पेशींशी भिडतो. अशा माणसाला ओची पिशवी जिवावर बेतते.

निगेटिव्ह आईत अँटिबॉडी तयार होऊ नयेत म्हणून अँटी-डीचं इंजेक्शन साधारण २८व्या आठवड्यात, ३०० मायक्रोग्रॅम. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. आयसीटीसाठी रक्त मात्र हे इंजेक्शन घेण्याआधी द्या. नंतर काही आठवडे आयसीटी पॉझिटिव्ह येऊ शकते, ती औषधाचीच असते.

खरी पंचाईत माहेरी. बेळगावची सून गडहिंग्लजला गेली की लॅब बदलते. तपासणीच्या दोन पद्धती आहेत, जेल कार्ड आणि काचेची ट्यूब; जेल कार्डावर टायटर ट्यूबपेक्षा बहुधा चढं दिसतं. ८ चं १६ झालं म्हणून धसका घेऊ नका, तेवढा फरक तपासणीचाच असू शकतो. ८ चं ३२ झालं तर डॉपलरला (बाळाचा ॲनिमिया पाहणाऱ्या सोनोग्राफीला) उशीर नको. म्हणून सॅम्पल शक्यतो पहिल्याच लॅबला पाठवा, आणि रिपोर्टवर जेल की ट्यूब ते लिहून घ्या.