पेंटागॅस्ट्रिन: औषध चोख, घोळ होतो तो नळीत

जठर जास्तीत जास्त किती आम्ल पाझरू शकते हे मोजण्यासाठी पूर्वी हिस्टामीन टोचत. मात्रा मोठी लागे, म्हणून आधी अँटिहिस्टामीन द्यावे लागे. तरी डोके ठणकणे आणि चेहरा लाल होणे चुकत नसे. पेंटागॅस्ट्रिनने ही कटकट संपवली. गॅस्ट्रिन संप्रेरकाच्या शेपटाकडची चार अमिनो आम्ले यात जशीच्या तशी आहेत, आणि आम्ल पाझरवण्याची करामत त्या चौघांचीच.

मात्रा किलोमागे ६ मायक्रोग्रॅम, त्वचेखाली किंवा स्नायूत. पेप्टाव्हलॉन या ब्रँडच्या २ मिलीच्या अँप्युलमध्ये (काचेच्या कुपीत) ५०० मायक्रोग्रॅम औषध असे. ६० किलोच्या रुग्णाला त्यातले १.४४ मिली पुरे. मळमळ, पोटात कळ, चक्कर असे त्रास होतात, पण बहुधा लवकर ओसरतात. पॅनिक अटॅकचा इतिहास मात्र आवर्जून विचारावा, कारण या औषधाने तसा झटका येऊ शकतो.

आकडे बिघडतात ते बहुतेक जठरातला रस ओढण्याच्या नळीमुळे. रात्रभर उपाशी ठेवून नाकातून घातलेली नळी जठराच्या वरच्या भागात गुंडाळली गेली, तर रस खाली आतड्यात निघून जातो आणि आम्ल खोटेच कमी दिसते. म्हणून टोक जठराच्या सर्वांत खोलगट भागात आहे ना, हे क्ष-किरण पडद्यावर पाहावे. किंवा २० मिली पाणी सोडून ते जवळजवळ सगळे परत ओढता येते का ते बघावे. चिकट स्रावाने नळी तुंबली तर थोडी हवा सोडावी. थुंकी गिळू देऊ नये, ती आम्ल मारते. नमुना पिवळा-हिरवा आला तर पित्त मिसळले आहे. तशी नोंद हवीच.

टोचण्यापूर्वी एक तास आणि नंतर एक तास, दर १५ मिनिटांचा रस वेगळा ठेवावा. घनफळ मोजून ०.१ नॉर्मल (लिटरमागे ०.१ मोल) सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७ पर्यंत टायट्रेशन करावे, म्हणजे आम्ल पूर्ण मारायला किती अल्कली लागते ते मोजावे. ६० मिली रसात लिटरमागे ९० मिलिमोल आम्ल असेल, तर त्या पाव तासाचे ५.४ मिलिमोल. पुढच्या पाव तासात ६.५ आले आणि हेच सलग दोन नमुने सर्वांत मोठे ठरले, तर बेरीज दुप्पट करून कमाल दर तासाला २३.८ मिलिमोल.

टोचण्यापूर्वीचाच दर तासाला १५ मिलिमोलच्या वर आणि टोचल्यानंतरच्या दराच्या ०.६ पटीहून जास्त असेल, तर झोलिंजर-एलिसनचा (गॅस्ट्रिन पाझरवणाऱ्या गाठीमुळे आम्ल बेसुमार वाढण्याचा आजार) संशय घ्यावा. उलट, टोचूनही आम्लच नसेल तर परनिशस अॅनिमियाकडे (बी-१२ जीवनसत्त्व शोषले न गेल्याने होणारा रक्तक्षय) लक्ष जावे. ओमेप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या चालू असताना केलेली चाचणी वाया गेली समजा. त्या निदान आठवडाभर बंद लागतात. पण झोलिंजर-एलिसनच्या रुग्णात त्या एकदम थांबवल्यास रक्तस्राव किंवा छिद्र पडण्याचा धोका असतो, तेव्हा हा निर्णय तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच.

अमेरिकेच्या बाजारातून पेंटागॅस्ट्रिन गेले. थायरॉइडच्या मेड्युलरी कर्करोगात (कॅल्सिटोनिन हे संप्रेरक बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगात) कॅल्सिटोनिन चाचणीसाठीही ते वापरत. तिथे आता शिरेतून कॅल्शियम देऊन काम भागते. जठराच्या आम्लासाठी मात्र तितका सुटसुटीत पर्याय नाही.