टांग्याच्या साजाला जिभेचं बकल की झटपट सुटणारी कडी?

पावसाळ्यात कोल्हापूरच्या निसरड्या रस्त्यावर घोडा बसला, की गाडी ओढणारे दोन्ही पट्टे ताणले जातात. जिभेचं बकल नेमकं तेव्हाच अडतं. जीभ भोकातून काढायची तर पट्टा आधी आणखी ओढावा लागतो, आणि घोड्याचं वजन त्यावर असताना ते हातानं होत नाही. शेवटी पट्टा कापावा लागतो. झटपट कडीत आकडा बंद धरणारी सरकती नळी असते; ती मागे सरकवली की आकडा ताणाखालीही उघडतो. जनावर वाचवायला हे काही सेकंद फार मोलाचे.

पण कडीनं लांबी कमी-जास्त होत नाही. नळीत चिखल गेला की ती अडकते, स्प्रिंग गंजते. रोज धुऊन, पुसून तेलाचा एक थेंब द्या. जस्ताची ओतीव कडी झटक्यानं तुटते. पोलादी किंवा भरीव पितळीच घ्या.

बकलाचा दोष भोकात असतो. भोक लांबट झालं की चामडं तिथंच फाटतं. भोकं गोल पंचानं पाडा, सुरीनं चिरू नका.

म्हणून तंगाला, म्हणजे घोड्याच्या पोटाखालच्या पट्ट्याला, बकल ठेवा, कारण तिथं माप रोज बदलतं. ओढीच्या पट्ट्यांच्या गाडीकडच्या टोकांना मात्र कडीच हवी, दोन्ही बाजूंना.