स्पे नदीवर सॅमन: खासगी बीट की असोसिएशनचं तिकीट?

एडिनबर्गचा भाचा विचारतोय, स्कॉटलंडच्या स्पे नदीवर सॅमन मासा धरायला खासगी बीट, म्हणजे नदीचा भाड्याने मिळणारा ठरावीक पट्टा, घेऊ की ग्रँटाउन गावच्या मासेमारी असोसिएशनचं तिकीट, म्हणजे त्यांच्या पाण्यात मासेमारीचा परवाना?

खर्चात तिकीट कितीतरी स्वस्त. पण बीटवर मोजकीच माणसं, शिवाय घिली, म्हणजे नदीचा जाणकार, सोबत असतो. पाण्यात कुठे उभं राहायचं, फ्लाय, म्हणजे किड्यासारखा दिसणारा गळ, कुठे टाकायची, तो दाखवतो. तिकिटावर हा अंदाज स्वतःलाच घ्यावा लागतो. रविवारी दोन्हीकडे बंदी.

धरलेला मासा मात्र परत सोडच. १ एप्रिलपूर्वी तर कायद्यानेच सक्ती आहे, आणि २०२३ मध्ये ब्रिटनचा सॅमन संकटग्रस्त ठरला. त्याला पाण्यातच धर, तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला, शेपटीचा झटका हाताला बसेपर्यंत.

पहिलीच वेळ असेल तर एक दिवस बीट घे. हात बसला असेल आणि आठवडाभर राहणार असशील, तर तिकीट.