डब्लिन-बेलफास्ट एन्टरप्राइज : गाडी झकास, आपला पास मात्र चालत नाही

सगळ्यात जास्त विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. नाही ओ, आपल्या रेल्वेवाल्यांचा पास तिकडं आयर्लंडच्या एन्टरप्राइज गाडीत चालत नाही, पीटीओ (कर्मचाऱ्यांचं सवलतीचं तिकीट) चालत नाही, रिटायर झाल्यावरचा कॉम्प्लिमेंटरी पास पण नाही. मी आयर्लंडला लेकीकडं जाऊन आलोय म्हटल्यावर मिरजेच्या आमच्या मंडळींनी हवापाणी नंतर विचारलं, कन्सेशन आधी.

युरोपातल्या रेल्वेवाल्यांची एफआयपी म्हणून एक आपापसातली व्यवस्था हाय. त्यात आयर्लंडची रेल्वे पण हाय आणि उत्तर आयर्लंडची, म्हणजे युकेच्या हद्दीतली, एनआय रेल्वेज पण वेगळी मेंबर हाय. म्हणजे जर्मनीचा गार्ड असो नाहीतर फ्रान्सचा पॉइंट्समन, त्याच्याकडं एफआयपीचं कार्ड असलं की दुसऱ्या देशात साधारण निम्म्या भाड्यात तिकीट, आणि वर्षाला थोडी फुकटची कूपनं. कूपन त्या त्या रेल्वेच्या नावाचं असतंय, जेवढं त्यांच्या रुळावर जाल तेवढंच, त्यामुळं सीमा ओलांडायची म्हणजे हिशोब दोन रेल्वेंचा. भारतीय रेल्वे ह्यात नाही. आपल्याला पीटीओवर एक-तृतीयांश भाडं पडतंय, पण ते आपल्या देशातच. तिथल्या खिडकीवर ओळखपत्र दाखवून हुज्जत घालू नका.

आता गाडीविषयी. एन्टरप्राइज १९४७ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली, तारीख ११, म्हणजे आपल्या स्वातंत्र्याच्या चार दिवस आधी. तेव्हा ग्रेट नॉर्दर्न रेल्वे चालवायची, आता दोन्हीकडच्या रेल्वे मिळून चालवतात. डब्लिनच्या कॉनली स्टेशनवरून सुटते, ड्रॉइडा, डंडॉक, मग सीमा, मग न्यूरी, पोर्टाडाउन करत बेलफास्ट. साधारण १८० किलोमीटर, सव्वादोन तासांच्या आसपास. कोल्हापूर-पुणे सव्वातीनशे किलोमीटरला आपल्या वंदे भारतला पाच तासांच्या वर लागतात, तेव्हा कोण कुठं हाय ते तुम्हीच बघा. आणि २०२४ च्या ऑक्टोबरपासून दिवसभर जवळजवळ तासाला एक गाडी केलीय. आधी दोन-दोन तास थांबायला लागायचं म्हणे. कोल्हापुरात गाडी चुकली की आपण बिऱ्हाड घेऊन स्टँडवर पळतोय, तिथं लोक निवांत कॉफी घेत बसतात.

रेल्वेवाला म्हणून मी पहिल्यांदा रूळ बघितला. त्यांचा गेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर, १६०० मिलिमीटर, आपला ब्रॉडगेज १६७६. आपल्यापेक्षा अरुंद, पण इंग्लंडपेक्षा रुंद, त्यामुळं इंग्लंडच्या गाड्या इथं धावतच नाहीत. दुसरं म्हणजे इंजिन. वायर फक्त डब्लिन ते मालाहाइड, ती पण तिथल्या लोकलसाठी, ही गाडी डिझेलवर चालते, आणि इंजिन जनरल मोटर्सचं २०१ क्लासचं. आतलं मशीन ७१० मालिकेचं १२ सिलिंडरवालं. हुबळी शेडची डब्ल्यूडीपी-४ (आपलं डिझेल इंजिन) ज्यांनी बघितलीय त्यांनी डोळे मिटून आवाज ऐकावा, आपली १६ सिलिंडरवाली आणि ही सख्ख्या बहिणी. मी प्लॅटफॉर्मवर उभा राहून ऐकत बसलो तर बायको म्हणाली नोकरी संपली की ओ तुमची.

डबे १९९७ चे. तसं दिसतंयच. स्वच्छ हायत, सीट बरी, चहा-नाश्त्याची सोय हाय (आम्ही धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेलेली, कुणी काही म्हणालं नाही), पण वय लपत नाही. नव्या गाड्या आणायचं ठरलंय, पीसप्लस नावाच्या योजनेतून १६५ मिलियन युरो मंजूर झालेत. तोवर मी पाचपैकी चार देणार.

बेलफास्टकडं जाताना उजव्या बाजूला बसा, समुद्र तिकडं हाय. मालाहाइडला खाडीवरून गाडी जाते तेव्हा दोन्हीकडं नुसतं पाणी. हाच पूल २००९ मध्ये ऑगस्टात भरतीच्या पाण्यानं खालून पोखरून एक भाग कोसळलेला, गाडी नुकतीच गेलेली, ड्रायव्हरला गडबड दिसली आणि त्यानं लगेच कळवलं म्हणून वाचले सगळे. ड्रॉइडाला बॉइन नदीवरचा उंच पूल, १८५५ चा. आणि न्यूरीजवळ क्रेगमोरचा, दगडी, १८ कमानींचा, तो बघायला मान लांब करायला लागतीय कारण गाडीतून आपण त्याच्यावरच असतोय.

सीमा कधी गेली हे मात्र कळत नाही. गेट नाही, पोलिस नाही, गाडी थांबत पण नाही. स्टेशनच्या पाट्या डंडॉकपर्यंत आयरिश-इंग्लिश दोन्हीत असतात, न्यूरीला नुसतं इंग्लिश. फोनवर युकेमध्ये स्वागत असा मेसेज येतो आणि खिशातले युरो बिनकामाचे, पुढं पौंड. एवढंच.

पण हे आयरिश आणि ब्रिटिश लोकांचं झालं, आपल्या पासपोर्टला सीमा हाय आणि चांगली जाड हाय. आमच्या व्हिजिट व्हिसावर बीआयव्हीएस अशी अक्षरं होती. ब्रिटिश-आयरिश व्हिसा स्कीम, भारतातून अर्ज करणाऱ्यांना मिळते, त्यामुळं आयर्लंडच्या व्हिसावर बेलफास्टला जाता येतं, फक्त पहिल्यांदा आयर्लंडला उतरायचं. पण पोरगी तिथं शिकायला, तिचा व्हिसा लाँग स्टेचा, त्याला ही स्कीम लागू नाही, तिला बेलफास्टसाठी वेगळा युकेचा व्हिसा लागतो! म्हणजे दोन महिन्यांचे पाहुणे आई-बाप बेलफास्टला जाणार आणि तिथं राहणारी लेक नाही. इथल्या एका एजंटानं, नाव घेत नाही, छातीठोकपणे सांगितलेलं की सगळ्यांचं होतंय काका, आयर्लंड-इंग्लंड सगळं एकच की. पोरीनं स्वतः नियम वाचला म्हणून बरं. ती आमच्याबरोबर डंडॉकपर्यंत आली, आयर्लंडच्या बाजूचं शेवटचं स्टेशन, तिथं उतरली आणि आम्ही दोघं म्हातारी पुढं गेलो. बायको न्यूरीपर्यंत बोलली नाही.

बेलफास्टचं ग्रँड सेंट्रल स्टेशन नवंकोरं हाय, २०२४ मध्ये उघडलंय, ट्रेन आणि बस एकाच छताखाली, शहराच्या मध्यातच. आमचं शाहू टर्मिनस (रेल्वे स्टेशन) आणि सीबीएस (एसटी स्टँड) एवढे जवळ असून बॅग घेऊन रस्त्यावरची कसरत काय असते ते कोल्हापूरकरांना सांगायला नको.

तिकिटाचं म्हणाल तर कन्सेशनचा नाद सोडा आणि ऑनलाइन आधी काढा, खिडकीपेक्षा स्वस्त पडतंय. बरीच फिरणार असाल तर युरेल पास (युरोपातल्या रेल्वेंचा पर्यटकांसाठीचा पास) दोन्ही आयर्लंडमध्ये चालतो, एन्टरप्राइजवर पण. तिथल्या ज्येष्ठांना २००७ पासून सीमेपलीकडं पण फुकट प्रवास हाय, आपल्याकडं २०२० पासून ज्येष्ठांचं कन्सेशनच बंद, जाऊ दे, बीपी वाढतंय. ते फुकट फक्त तिथल्या रहिवाशांना, पिकलेले केस दाखवून मिळत नाही.

परत येताना गाडीत कधीकधी आयर्लंडचे पोलिस चढून कागद तपासतात. सगळ्यांना विचारतीलच असं नाही, पण पासपोर्ट लेकीच्या खोलीवर ठेवून जाऊ नका, अंगावरच्या खिशातच ठेवा, झेरॉक्स नको, ओरिजिनलच.