जाड टायरची ई-बाइक की साध्या टायरची ई-सायकल? सोलापुरात घेणाऱ्यांसाठी

चार इंची टायरची ई-बाइक दुकानात उभी असली की शेजारची साधी ई-सायकल किरकोळ वाटायला लागते. प्रत्यक्षात दोन्हींची मोटर बहुधा सारखीच, २५० वॉटची. बॅटरीही अनेकदा सारखी, ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवर. मोटरची मदत ताशी २५ किलोमीटरला थांबते, तीही दोन्हींत. खरा फरक चाकात, वजनात आणि दुरुस्तीत आहे.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. सात रस्ता, पार्क चौक, नवी पेठ, जुळे सोलापूर एवढ्यातच फिरणं असेल तर साधी घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या कुलपावर, दिव्यावर घाला. रोजच्या वाटेत मुरूम, पाणंद किंवा कालव्याकडेचा रस्ता असेल तर जाड टायरचा विचार करा. बाकीचा मजकूर हे असं का, यासाठी आहे.

इथे ‘साधी’ म्हणजे २६ किंवा २७.५ इंची चाक आणि १.९५ ते २.४ इंच रुंद टायर. ‘जाड’ म्हणजे २६ × ४, किंवा घडी घालता येणाऱ्या गाड्यांमध्ये २० × ४.

कोणत्या जमिनीवर काय चालतं

जाड टायर मुळात बर्फ आणि वाळूसाठी निघाला. कमी हवेत तो पसरतो, वजन मोठ्या जागेवर वाटलं जातं आणि चाक रुतत नाही. सोलापुरात बर्फ नाही आणि नदीच्या वाळूत रोज कोणी जात नाही. तरी त्याला इथे दोन चांगली कामं आहेत. एक, सैल मुरूम, गिट्टी आणि तुटलेल्या साईडपट्ट्या. मागून ट्रक आला आणि डांबरावरून खाली उतरावं लागलं तर दोन इंची टायर कडेला अडकून आडवा होतो, चार इंची उतरतो आणि परत चढतो. दोन, उन्हाळ्यात काळ्या रानाला पडणाऱ्या भेगा. साध्या टायरचं चाक भेगेत बसतं, जाड टायर वरून निघून जातो. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या वाळल्यावरही तसंच.

पावसाळ्यात मात्र हिशेब उलटतो, आणि विक्रेता हे सांगत नाही. ओली काळी माती वाळूसारखी दबत नाही, चिकटते. चार इंची टायर दोन इंचीपेक्षा कितीतरी जास्त चिखल उचलतो. टायर आणि फ्रेममध्ये बोटभर फट असते, ती थोड्याच अंतरात भरते, चाक फिरायचं थांबतं आणि तीस किलोची गाडी ढकलावी लागते. मडगार्ड असेल तर आणखी लवकर. अशा रानातून जाणं चुकतच नसेल तर जूनमध्ये पुढचा-मागचा मडगार्ड काढून ठेवा आणि चिखल काढायला एक लाकडी पट्टी जवळ बाळगा. पावसाळाभर काळ्या रानातच जायचं असेल तर दोन्हींपैकी कुठलीच सायकल कामाची नाही.

वजन, ओढ आणि एका चार्जिंगमधलं अंतर

साधी ई-सायकल २० ते २३ किलो, जाड टायरची २६ ते ३२ किलो. लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत असाल तर निर्णय इथेच झाला. बॅटरी निघते, पण तिचे दोन-तीन किलो कमी करूनही जाड गाडी जिन्यातून एकट्याने नेणं अवघड. हँडल रुंद आणि चाक जाड असल्याने वळणावर ती अडतेही.

सपाट डांबरावर ताशी २५ ने जायला जाड टायरला साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश जास्त ताकद लागते. ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवर म्हणजे ३६० वॉट-तास. नुसत्या थ्रॉटलवर, म्हणजे पेडल न मारता हँडलवरच्या मुठीने मोटर चालवत, जाड गाडी त्यात २० ते २४ किलोमीटर जाते, साधी २८ ते ३०. पेडल मारत मदत घेतली तर जाड ३० ते ३५, साधी ४० ते ४५. कागदावर ६० किंवा ८० लिहिलेलं असलं तर तो आकडा हलका चालक, सगळ्यात कमी मदत आणि वारा शून्य असं धरून काढलेला असतो.

वारा सोलापुरात शून्य नसतो. जून ते ऑगस्ट पश्चिमेचं वारं सुटलं की केगावला विद्यापीठाकडे जाताना ते समोरून बसतं आणि वरच्या आकड्यांतले २० टक्के सहज खातं. परत येताना थोडं मिळतं, पण जाताना गेलेलं सगळं परत येत नाही. म्हणून एका बाजूचं अंतर दहा किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर जाड गाडी ४८ व्होल्टची घ्या, नाहीतर साधी.

खर्चाचं म्हणाल तर वीज नगण्य. पूर्ण चार्जिंगला सुमारे ०.४ युनिट, दहा रुपये युनिट धरलं तरी चार रुपये. खरा खर्च काही वर्षांनी येणाऱ्या नव्या बॅटरीचा, आणि जाड गाडीत तीच बॅटरी कमी किलोमीटर देत असल्याने दर किलोमीटरमागे तो जास्त पडतो. खरेदीतही अंतर आहे: साध्या साधारण २५ ते ४० हजारांत मिळतात, जाड टायरच्या बहुतेक त्यापुढे सुरू होतात.

हवा: जाड टायरचं निम्मं सुख-दुःख इथे

साध्या टायरला ३५ ते ४५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरा आणि पंधरा दिवस विसरा. जाड टायरमध्ये दोन-तीन पीएसआयने गाडी बदलते. ७५ किलोच्या चालकाला डांबरावर १८ ते २०, मुरमावर १० ते १२, वाळूत ६ ते ८. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा दोन जास्त, कारण मोटर आणि चालक दोघांचा भार तिथे.

डांबरावर हवा कमी असली की पुढचं चाक स्वतःच एका बाजूला ओढतं, वळण घेताना हँडल जड लागतं आणि बॅटरी लवकर संपते. बरेच जण ‘मोटर कमजोर झाली’ म्हणून गाडी दाखवायला आणतात आणि टायरमध्ये निघतात आठ पीएसआय. जास्त हवा भरली तर उलटा त्रास. जाड टायर गतिरोधकावर दणका पचवत नाही, चेंडूसारखा परत उडवतो, आणि नक्षी फक्त मधोमध झिजते. टायर आहे म्हणून सस्पेन्शन नको, हे हळू चालवणाऱ्यालाच लागू.

पेट्रोल पंपावरच्या किंवा पंक्चरवाल्याच्या हवेच्या काट्यावर विसंबू नका. ते काटे मोटरसायकल आणि ट्रकसाठी असतात, वीसच्या खाली त्यांना नीट वाचता येत नाही. ० ते ३० पीएसआयचा वेगळा गेज घ्या. हातपंप असेल तर जाड टायर रिकामा भरायला शंभरावर पंप मारावे लागतात, म्हणून उभा, पायाने दाबून धरायचा पंपच बरा.

पंक्चर

वेडी बाभूळ आणि सराटे. शहराबाहेर पडलं की दोन्ही आहेत. जाड टायर जमिनीला जास्त टेकतो म्हणून काटे जास्त वेचतो, आणि वजन वाचवायला त्याची कापडी बांधणी पातळ ठेवलेली असते. ‘जाड आहे, पंक्चर होत नाही’ हा समज सोडून द्या.

२६ × १.९५ ची ट्यूब गल्लीतल्या सायकलच्या दुकानात मिळते. २६ × ४ ची मिळेलच असं नाही. गाडी घेताना दोन ट्यूब आणि एक टायर सोबतच घ्या. अगदी अडलात तर २६ × २.१२५ ची ट्यूब जाड टायरात घालून कमी हवेवर घरापर्यंत येता येतं. ती ताणून पातळ होते, तशीच ठेवू नका.

सीलंट, म्हणजे ट्यूबचं छिद्र आतून बुजवणारं द्रव, उपयोगी आहे. जाड चाकाला १५० मिलिलिटरच्या आसपास, साध्याला ६० ते ९०. व्हॉल्व्हची सुई काढता येते अशी ट्यूब असेल तर त्यातून पिचकारीने भरता येतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात ते दोन-अडीच महिन्यांत सुकतं, म्हणून मार्चमध्ये एकदा आणि मेच्या अखेरीला पुन्हा पाहा. तोटा एकच: सीलंट भरलेल्या ट्यूबला नंतर पॅच बसवताना सोल्यूशन नीट धरत नाही, जागा पुसून, कोरडी करून, घासूनच लावावं लागतं.

मागचं चाक दोन्ही गाड्यांत मोटरचं असतं, आणि रस्त्यावर ते उतरवू नका. काटा शोधा, टायरची एकच कड लिव्हरने बाहेर घ्या, तेवढ्या भागातली ट्यूब ओढून पॅच लावा, आत हात फिरवून काट्याचं टोक राहिलं नाही ना ते पाहा. आपले पंक्चरवाले मोटरसायकलला हेच करतात.

ट्यूब बदलायची असेल तर घरी. आधी बॅटरी बंद करून काढा. मोटरच्या वायरचा जोड बहुधा मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दांड्यावर असतो. दोन्ही बाजूंचे बाण पाहून सरळ ओढा, पिळू नका, आतल्या पिना वाकतात. गिअर सगळ्यात लहान चक्रावर आणा. १८ च्या पान्याने दोन्ही नट सैल करा आणि वॉशर कोणत्या क्रमाने आहेत त्याचा फोटो काढा. त्यातला दाताचा वॉशर फ्रेमच्या खाचेत बसतो आणि एक्सल फिरू देत नाही. तो चुकीचा बसला तर जोर लागताच एक्सल फिरतो आणि वायर तुटते. चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नका. परत बसवताना वायर एक्सलपासून आधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे पावसाचं पाणी वायरवरून मोटरमध्ये उतरत नाही.

सुटे भाग आणि मिस्त्री

साध्या ई-सायकलचा मागचा हब (चाकाचा मधला भाग) १३५ मिलिमीटरचा, पेडलचा बीबी (पेडलचे दांडे जिच्यात फिरतात ती फ्रेममधली नळी) ६८ किंवा ७३ चा. हे माप सगळीकडे चालतं. जाड गाडीत मागे १७० ते १९७, बीबी १०० मिलिमीटर. म्हणजे रिम, एक्सल, बीबी, क्रँक, मडगार्ड, कॅरियर, स्टँड सगळंच वेगळं, आणि पुण्याहून किंवा कंपनीकडून मागवायचं. बीबी रुंद असल्याने पाय फाकून पेडल मारावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी पंधरा मिनिटं चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मोटरच्या चाकाच्या तारा (स्पोक) आखूड आणि जाड, १२ किंवा १३ गेजच्या असतात. पहिल्या दीड-दोनशे किलोमीटरनंतर त्या सैल पडतात. तेव्हा चाक सरळ करून घेतलं तर पुढे तुटत नाहीत. चार तारा जादा मागवून फ्रेमला चिकटवून ठेवा. ब्रेकची डिस्क जाड गाडीत १८० मिलिमीटरची हवी, १६० ची असेल तर पुलावरून उतरताना कमी पडते. काळ्या मातीची धूळ पॅड खाते, महिन्यातून एकदा तरी पाहा.

उन्हाळा आणि बॅटरी

इथे दोन्ही गाड्या सारख्याच. पारा चाळिशीपार असताना दुपारी आलात की लगेच चार्जर लावू नका, अर्धा-पाऊण तास थांबा. बॅटरी ४५ अंशांवर असताना चार्ज केली की आयुष्य घटतं. पत्र्याच्या खोलीत चार्जिंग पहाटेच करा. चार्जरवर काहीही झाकू नका, चादर तर नाहीच. महिनाभर गाडी बंद राहणार असेल तर बॅटरी निम्मी भरून ठेवा.

वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा दोन्हींना वर्ज्य. बादली, ओलं फडकं, बस्स.

कायदा आणि स्कूटर

२५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. जाड गाड्यांमध्येच ‘अनलॉक’ करून किंवा ७५० वॉटची मोटर बसवून देण्याचा प्रकार जास्त चालतो. तशी गाडी कायद्याने मोटार वाहन ठरते, आणि नंबर नाही, विमा नाही अशा स्थितीत अपघात झाला तर सगळं अंगावर येतं. बिलावर मोटरचे वॉट लिहून घ्या, एआरएआय किंवा आयकॅट या वाहन तपासणी संस्थांची मान्यता मागा. रोज अक्कलकोट किंवा तुळजापूर गाठायचं असेल तर सायकलचा विचार सोडून नोंदणीची स्कूटर घ्या.

चाचणी आणि जुनी गाडी

दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर दोन्ही छान चालतात. आसरा पूल चढवून पाहा. पेडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर वेग दहाच्या खाली गेला तर तुमच्या वजनाला ती मोटर अपुरी आहे. उतरताना दोन्ही ब्रेक पूर्ण दाबून थांबा. लिव्हर हँडलला टेकत असेल तर तार ओढून घ्यावी लागेल. मोटर बंद करून अर्धा किलोमीटर पेडल मारा, कारण बॅटरी संपली की जाड गाडी अशीच घरी आणायची आहे.

जुनी घेत असाल तर बॅटरी पूर्ण चार्ज करायला सांगा, तासभर तशीच ठेवा आणि मल्टीमीटर लावा. ३६ व्होल्टच्या पॅकवर ४१.५ च्या वर दिसायला हवं. ४० किंवा त्याखाली असेल तर बहुधा एखादा सेलचा गट गेलेला आहे. नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करूनच पुढे बोला. मागचं चाक हवेत धरून थ्रॉटलने फिरवा. मोटरमधून दळल्यासारखा आवाज आला तर आतली नायलॉनची गिअर झिजली आहेत. ती मिळतात, पण कोणत्या मोटरची ते झाकणावरच्या नंबरवरून कळतं, म्हणून नंबर खोडलेला असेल तर गाडी तिथेच सोडा.