करंटवर उभं राहताना: चार चॅनलच्या मशीनचा अनुभव

आधीच सांगून टाकतो, कातडीवर चिकटवलेल्या पॅडमधून पायांच्या स्नायूंना करंट देऊन उभं करणाऱ्या ह्या मशीनने कोणी चालायला लागत नाही. विकणारा 'सहा महिन्यांत काठी घेऊन फिराल' म्हणाला होता, ते सोडून द्या. मी देवगडचा. आंबे काढताना पडलो, मणक्याला डी-१० ला, म्हणजे पाठीच्या दहाव्या मणक्याला मार; कमरेखाली ना हालचाल, ना संवेदना. मशीन पावसाळ्याआधी आणलं, आता कलमांना मोहोर आलाय.

आधी दोन चॅनलचं होतं, म्हणजे करंटच्या दोनच वेगळ्या लाइनी, पॅड फक्त मांडीच्या पुढच्या बाजूला. करंट चढला की गुडघे लॉक व्हायचे, पण कंबर मागेच. मी वॉकरवर ओणवा आणि सगळा भार मनगटांवर. चार चॅनलमध्ये कुल्ल्यांवरही पॅड आले आणि खरा फरक तिथे पडला. कंबर पुढे येते, पाठ सरळ होते, एक हात सोडून चहाचा कप धरता येतो. कलतोय ते मात्र मला कळत नाही. समोर आरसा असतो, शिवाय आई ओरडतेच, "डावीकडे कलतंस रे!"

पाय फार लवकर दमतात. एरवी स्नायूचे तंतू आळीपाळीने काम करतात. करंट त्याच त्याच तंतूंना एकदम जुंपतो. फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला करंटचे ठोके, वाढवली तर जोर येतो, पण दमही लवकर लागतो. गुडघे थरथरले की बसायचं. मागे व्हीलचेअर ब्रेक लावून तयार हवीच. रात्री पायांना आपोआप येणारे झटके थोडे कमी झालेत असं मला वाटतं, त्यावरचं औषध बॅक्लोफेन चालूच आहे.

आपल्याकडच्या दमट हवेत पॅडचं काही खरं नाही. घामाने कड सुटली की सगळा करंट उरलेल्या तेवढ्याशा जागेतून जातो आणि कातडी भाजते, आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून काढल्यावर दर वेळी त्वचा बघायची. खोबरेल लावलेल्या पायावर पॅड चिकटतच नाहीत.

मार अगदी खाली असेल, पाय लुळे असतील, म्हणजे स्नायूकडे जाणारी नसच गेली असेल, तर हे मशीन काही कामाचं नाही. आधी फिजिओकडच्या मशीनवर बघा, मांडी आवळते का. मार डी-६ किंवा त्याच्या वर असेल तर बीपी एकदम चढू शकतं, डॉक्टरशिवाय हात लावू नका. पेसमेकरवाल्यांनी तर नाहीच. हाडंही तपासून घ्या, बसून बसून ठिसूळ होतात. मलाही उभं राहण्याआधी बरेच दिवस खुर्चीत बसूनच करंटवर पाय सरळ करायला लावले होते.

पॅड इथे मिळत नाहीत, कोल्हापूरहून मागवतो. पावसात घाट बंद झाला की पार्सल अडकतं, तेव्हा जूनच्या आधी एक संच जास्तीचा घेऊन ठेवा.