‘टॉप गन’: मागच्या आसनावरच्या माणसासाठी पाहावा असा चित्रपट

टोनी स्कॉट यांनी दिग्दर्शित केलेला १९८६ सालचा ‘टॉप गन’ पाहायचा माझा इतकी वर्षे राहूनच गेला होता. गेल्या रविवारी भुसावळच्या घरी तो भाड्याने घेऊन टीव्हीवर लावला, तेव्हा शेजारी आबा बसले होते. आबांची सारी नोकरी रेल्वेच्या इंजिनात, बहुतेक वेळा भुसावळ ते इगतपुरी मार्गावर गेली, आणि या चित्रपटातली सर्वांत मोलाची गोष्ट माझ्याआधी त्यांच्या लक्षात आली. चित्रपट अद्याप न पाहिलेल्यांना आधीच सांगतो, की पुढे कथेतील एक महत्त्वाचा प्रसंग येणार आहे.

सुरुवात विमानवाहू जहाजाच्या डेकवर होते आणि पडद्यावर ‘हिंदी महासागर’ अशी अक्षरे येतात. पहाटेचा तांबूस उजेड, विमानाला डेकवरून वेगाने पुढे फेकणाऱ्या, वाफेवर चालणाऱ्या कॅटापल्टमधून उसळणारे पांढरे लोट, कानांवर जाड आवरणे चढवून केवळ हातवाऱ्यांनी बोलणारे कर्मचारी आणि त्या धुरातून झेप घेणारी एफ-१४ टॉमकॅट ही लढाऊ विमाने, हे सारे जवळजवळ संवादाविना दाखवले आहे. मला संपूर्ण चित्रपटात हीच काही मिनिटे सर्वांत सुंदर वाटली, कारण इथे शौर्याच्या गप्पा नाहीत, फक्त काम आहे. टॉमकॅटचे पंख वेगानुसार मागे वळतात, २० अंशांपासून ६८ अंशांपर्यंत. ते वळताना पाहून एखादा ससाणा सूर मारण्यापूर्वी पंख आवळून घेतो त्याची आठवण झाली.

कथा साधी आहे. अमेरिकी नौदलाने ३ मार्च १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील मिरामार येथे निवडक वैमानिकांसाठी एक प्रशाला काढली. व्हिएतनामच्या युद्धात क्षेपणास्त्रांवर अति विसंबून राहिल्यामुळे वैमानिक समोरासमोरच्या हवाई झुंजीत कमी पडू लागले होते आणि ते कौशल्य पुन्हा शिकवणे हा तिचा हेतू होता. त्या प्रशालेत ‘मॅव्हरिक’ या टोपणनावाचा बेदरकार वैमानिक (टॉम क्रूझ) दाखल होतो आणि त्याची गाठ ‘आइसमॅन’ या थंड डोक्याच्या प्रतिस्पर्ध्याशी (व्हॅल किल्मर) पडते. जमिनीवरचे प्रेमप्रकरण मात्र लांबले आहे. ‘टेक माय ब्रेथ अवे’ या गाण्याला ऑस्कर मिळाले आणि ते गोडही आहे, परंतु ते वारंवार वाजू लागले की मन पुन्हा आकाशाकडे धाव घेते.

आता आबांच्या निरीक्षणाविषयी. एफ-१४ दोघांचे विमान आहे. पुढे वैमानिक आणि मागे रडार सांभाळणारा अधिकारी. शत्रू कुठे आहे, किती दूर आहे, पाठीशी कोण लागले आहे, हे मागच्याने सतत सांगत राहायचे असते. मॅव्हरिकच्या मागे बसणारा ‘गूस’ (अँथनी एडवर्ड्स) मोठ्याने सांगतो आणि पुढचा त्यावर विसंबून विमान वळवतो, हे पाहताच आबा सावरून बसले. इंजिनातही ड्रायव्हर सिग्नलचा रंग मोठ्याने उच्चारतो आणि असिस्टंट तो पुन्हा उच्चारतो. दोघांचे एकमत झाल्याखेरीज गाडी पुढे नेत नाहीत. आबांनी ही पद्धत आयुष्यभर पाळली, म्हणूनच मॅव्हरिक मागच्याचा सल्ला डावलून धोका पत्करतो तेव्हा ते अस्वस्थ होत होते.

पुढे सराव चालू असताना आइसमॅनच्या विमानाने मागे सोडलेल्या हवेच्या झोतात सापडून टॉमकॅटची दोन्ही इंजिने बंद पडतात, विमान भोवऱ्यासारखे सपाट फिरत समुद्राकडे जाऊ लागते आणि बाहेर पडताना गूस विमानाच्या काचेच्या झाकणावर आदळून मरतो. आबा एवढेच म्हणाले, “मांगला गया.” म्हणजे मागचा गेला. चौकशीत मॅव्हरिक निर्दोष ठरतो, तरी त्याचा हात विमानाच्या दांड्यावर पूर्वीसारखा ठरत नाही. हा भाग टॉम क्रूझ यांनी मनापासून साकारला आहे आणि इथून पुढे चित्रपट खऱ्या अर्थाने पकड घेतो.

एक खटकणारी गोष्ट नोंदवायला हवी. शत्रूचा देश सांगितलेला नाही, त्याच्या वैमानिकांना चेहरा नाही, आणि त्यांचे ‘मिग-२८’ हे विमान तर अस्तित्वातच नव्हते. अमेरिकेचीच एफ-५ विमाने काळी रंगवून ती भूमिका पार पाडली आहे. आपल्याकडे मिग म्हटले की परका शत्रू डोळ्यांपुढे येत नाही. नाशिकजवळ ओझरला मिग-२१ तयार होत असत आणि १९६३ पासून २६ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त होईपर्यंत त्या विमानाने आपल्या आकाशाची राखण केली. त्यामुळे ‘मिग आले’ या वाक्याने पडद्यावरच्या माणसांना जी धडकी भरते, ती मला काही केल्या भरली नाही.

चित्रपट पाहायचाच असेल तर टीव्हीच्या आवाजावर समाधान मानू नका, वेगळे स्पीकर जोडा. इंजिनांची गर्जना अंगावर आल्याशिवाय अर्धा चित्रपट हरवतो. झुंजीच्या दृश्यांत कोण कोणाच्या मागे आहे याचा गोंधळ होतो, तेव्हा हेल्मेटवर लिहिलेल्या टोपणनावांकडे लक्ष ठेवावे.

शेवटच्या झुंजीत मॅव्हरिकच्या मागे दुसराच अधिकारी बसलेला असतो, तरी निर्णायक क्षणी तो गूसलाच हाक मारतो. त्या हाकेला आबांचे डोळे भरून आले. २०२२ साली आलेल्या दुसऱ्या भागात गूसचा मुलगा वैमानिक होऊन येतो हे मी सांगितल्यावर, तो येत्या रविवारी लावायचा असे त्यांनी मला बजावले आहे.